न ऐकणारा फोन

"विजेरीला माझ्या पाहुण्यांचे नंबर कशाला हवेत?"

नलूमावशींनी हा प्रश्न अलिबागच्या मोबाइलच्या दुकानात, भर गर्दीत, खणखणीत आवाजात विचारला तेव्हा दुकानदाराचं बोट फोनच्या काचेवर होतं तिथेच थांबलं. बिचारा हौसेनं नवा फोन दाखवत होता. कॅमेरा दाखवून झाला, घड्याळ दाखवून झालं, मग "मावशी, यात टॉर्चसुद्धा आहे, आणि त्याहून भारी हवी तर ही अशी डाउनलोड करायची" असं म्हणून त्यानं एक ॲप उतरवून घेतलं. त्या ॲपनं लगेच परवानग्या मागायला सुरुवात केली. तुमचे नंबर बघू का? तुमचा आवाज घेऊ का? तुम्ही कुठे आहात ते कळू दे का? दुकानदार सराईतपणे हो, हो, हो करत सुटला होता. मावशींनी त्याचं मनगट धरलं.

"सगळेच मागतात मावशी. द्यायचं असतं."

"मागतात म्हणून द्यायचं? माझ्या वडिलांकडे तीन सेलची बॅटरी होती. ते गेले तरी ती चालू होती. तिनं एकदासुद्धा विचारलं नाही की तुमच्याकडे येतं-जातं कोण!"

दुकानातली माणसं हसायला लागली. मावशी मात्र हसत नव्हत्या. त्या किंचित डावीकडे मान कलती करून उत्तराची वाट पाहत होत्या.

"बरं, ते राहू दे. हा फोन ऐकतो का?"

"एकदम क्लिअर!"

"मी बोलत असताना नव्हे. मी गप्प असताना."

दुकानदारानं छताकडे पाहिलं. तिथून काही उत्तर आलं नाही. आम्ही फोन न घेता बाहेर पडलो आणि नाक्यावर उसाचा रस प्यालो. "मेघा," मला म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. त्याला कुणी कधी विचारलंच नाही, त्याला तो काय करणार?"

किहीमला आमच्या घराला लागूनच त्यांची नारळी-पोफळीची वाडी. मी अलिबागच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे नलूमावशींना वाटायचं की जगातली सगळी माहिती माझ्या ताब्यात आहे आणि मी ती उगाच कपाटात कोंडून ठेवते. त्या सत्तरी ओलांडलेल्या, काठीसारख्या सरळ, आणि अंबाडा नेहमी थोडा उजवीकडे. तो तसा का, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. उभी हयात त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात काढली होती, आणि त्यातली तरुणपणीची सगळी वर्षं अलिबागच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून. त्याची पट्टी डोक्यावरून जायची, म्हणून अंबाडा सरकवून घालायची सवय लागली. पट्टी गेली, अंबाडा तिथेच राहिला.

आज ज्यांना फोन म्हणजे खिशातली वस्तू वाटते त्यांना सांगायला हवं, की त्या काळी फोन उचलला की आधी एक बाई बोलायची. तिच्यासमोर भोकंच भोकं असलेला एक बोर्ड असायचा. तुम्ही नंबर सांगायचा, ती एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खोचायची, आणि मग तुम्ही बोलायचं. बाहेरगावचा कॉल असेल तर तासन्‌तास वाट बघायची, आणि लागला की तीन मिनिटं. ती बाई म्हणजे नलूमावशी. साऱ्या तालुक्याची लग्नं, मयतं, भांडणं आणि भानगडी त्यांच्या कानाशेजारून गेल्या.

आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. पडावं म्हणून लोकांनी प्रयत्न काही कमी केले नव्हते. हळदीकुंकवाला हमखास कुणीतरी सरकत सरकत जवळ यायचं. "नलूताई, आता इतकी वर्षं झाली, सांगायला काय हरकत आहे? त्या डॉक्टरांचं खरंच काही होतं का हो?" मावशी पेढा तोंडात टाकत म्हणायच्या, "लाइन बिझी आहे." विषय संपला. दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी पेणच्या एकाच वकिलाला फोन करून एकमेकांविरुद्ध सल्ला मागितला होता, आणि त्याच दिवाळीत दोघेही एकाच वेळी मावशींकडे फराळाला बसले होते, एवढं मात्र त्यांनी मला सांगितलं. नावं नाहीत. "दोघांना सारख्या चकल्या वाढल्या मी. एकाला एक जास्त दिली असती तरी कळलं असतं!"

"पण तुम्हाला ऐकू तर यायचंच ना?" मी विचारलं होतं.

"ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. लाइन लागली की मी मनात पाढे म्हणायची. एकोणतिसाचा. सोपा पाढा घेतला तर कान मोकळा राहतो." आणि त्यांनी तिथेच तो धडाधड म्हणून दाखवला. मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "माझ्या वेळेला मधे एक बाई बसलेली होती. तिला लाज होती, नोकरी होती, देवाची भीती होती. आता मधे कोण बसलंय ते तरी सांगा! मग मी बोलते वाटेल तेवढं."

त्यांचा सगळा आग्रह एवढाच होता, पण त्याला त्या कुठवर नेतील याला धरबंध नव्हता. घरी जुना कॉम्प्युटर होता, त्यावर भरतकाम केलेलं कव्हर, आणि वरच्या कॅमेऱ्याला टिकली. खरीखुरी, कपाळाची. एरवी साधी मरून, सणाला खड्यांची. त्यांची मुलगी प्राजक्ता खारघरला असते, ती व्हिडिओ कॉल करायची तेव्हा संवाद असा सुरू व्हायचा:

"आई, अंधार दिसतोय."

"थांब, टिकली काढते."

मग ती टिकली त्या स्वतःच्या कपाळावर लावायच्या आणि बोलणं संपलं की परत कॅमेऱ्याला. मुंबईहून फोनवर ताणून बोलणाऱ्या पाहुण्यांना त्या मधेच म्हणत, "तीन मिनिटं झाली, वाढवून देऊ का?" अर्धी माणसं गोंधळून फोन ठेवून देत.

आणि बंगलेवाल्यांचा तो कॅमेरा! आमच्या पलीकडे मुंबईच्या एका साहेबांनी शनिवार-रविवारचा बंगला बांधला आणि कंपाउंडवर कॅमेरे बसवले. त्यातला एक थेट मावशींच्या विहिरीकडे तोंड करून. मावशींनी आधी रखवालदाराला नीट सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या हातात काय न्हाय, साहेबांना मोबाइलवर दिसतं."

"मुंबईत बसून?"

"व्हय. आवाजपण जातो."

"आवाजपण?" मावशींचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वेताची खुर्ची नेऊन कॅमेऱ्याच्या बरोबर समोर टाकली, चष्मा लावला, पेपर उघडला आणि निधनवार्ता मोठ्यानं वाचायला घेतल्या. एकेक नाव, वय, मागे कोण कोण परिवार, सगळं सावकाश, एक्स्चेंजमधल्या त्या शुद्ध, सरकारी आवाजात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं हे सगळं पाहायची आणि तोंडात पदर कोंबायची. आठवडा काही पूर्ण झाला नाही. साहेबांचाच फोन आला. "मावशी, कॅमेरा आजच फिरवतो. पण ते बंद करा, माझी आई घाबरते." मावशी म्हणाल्या, "आईंना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, किहीमला आल्या की चहाला या." आणि खरंच, त्या आई नंतर दर खेपेला मावशींकडे चहाला येऊ लागल्या.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग तो गुरुवार आला.

दुपारी कॉलेजात मला प्राजक्ताचा फोन. "मेघाताई, आईचा फोन सकाळपासून बंद आहे. बघता का जरा?" मावशींकडे तेव्हा बटणांचा जुना फोन होता. मी घरी फोन लावला. माझे यजमान जाऊन बघून आले. दाराला कुलूप. वाडीत नाहीत, देवळात नाहीत. तासाभरात मी पोचले तोवर सगळी आळी गोळा झाली होती. विहिरीत तीन जण एकदमच डोकावत होते, आणि चौथा म्हणत होता की आता गळ टाकायला हवा. कुणी म्हणालं, सकाळी समुद्राकडे जाताना पाहिल्या. कुणी म्हणालं, हल्ली जरा गप्प गप्पच असायच्या. हे ऐकून समोरचे दामूकाका रडायलाच लागले. "बाई सोन्यासारखी होती" इथपर्यंत त्यांची गाडी पोचली. प्राजक्ता दर पाच मिनिटांनी फोन करत होती आणि मी तिला काय सांगावं ते न सुचून "बघतोय, बघतोय" म्हणत होते.

दिवेलागणीच्या सुमारास चोंढी नाक्याकडून रिक्षा आली. त्यातून आधी एक भलामोठा भोपळा उतरला आणि त्याच्या मागून नलूमावशी. केसात अबोलीचा गजरा. एवढी गर्दी पाहून त्यांनी भोपळा छातीशी धरला आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं गं?"

"तुम्ही!" मी ओरडले.

"मी? कधी?"

विहिरीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी आळीच हसत सुटली. दामूकाका रडत होते ते तसेच रडता रडता हसू लागले. मी प्राजक्ताला फोन लावून मावशींच्या हातात दिला. पलीकडून आधी हुंदका आला आणि मग आरडाओरडा. "होतीस कुठे तू?"

आणि मावशी सवयीनं म्हणून गेल्या, "लाइन बिझी आहे."

हे त्यांनी गावाला म्हणायला हरकत नव्हती. मुलीला म्हणायला नको होतं. फोन कट झाला. मावशी त्या फोनकडे बघत उभ्या राहिल्या. भोपळा मीच आत नेऊन ठेवला.

रविवारी प्राजक्ता आली ती नवा कोरा स्मार्टफोन घेऊनच. मी मध्यस्थ म्हणून बसले होते.

"आई, यात मी सगळं घालून आणलंय. तू कुठेही असलीस तरी मला नकाशावर दिसशील. हा बघ, निळा ठिपका."

"म्हणजे मी ठिपका?"

"आई, प्लीज."

"तू पोटात होतीस तेव्हा तूसुद्धा ठिपकाच होतीस. पण मी नकाशा घेऊन फिरले नाही कुणाला दाखवत."

"मस्करी नकोय मला! त्या दिवशी मी काय काय मनात आणलं, माहितीय तुला? आणि आपल्याकडे असं आहेच काय लपवण्यासारखं?"

"न्हाणीघरात मी काय चोरी करते का? तरी कडी लावतेच की."

प्राजक्ता उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "मग माझ्याकडे खारघरला चल. हा फोन, नाहीतर खारघर. दोनांतलं एक ठरव. पुढच्या रविवारी मी विचारायला येईन. मला या वाडीत तुला एकटीला ठेवून झोप लागत नाही."

ती गेल्यावर मावशींनी तो फोन उचलला, तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि झाकण लावलं. "ऐक म्हणावं आता काय ऐकायचंय ते." पण नेहमीचा जोर त्यात नव्हता. वाडीकडे तोंड करून त्या बराच वेळ पायरीवर बसल्या. खारघर म्हणजे प्राजक्ताच्या दहाव्या मजल्यावरची एक खोली. तिथे गेलेली माणसं दिवाळीला परत येतात, मग दोन वर्षांनी येतात, मग घर विकायची बोलणी करायला येतात. आमच्या आळीत तशी चार घरं आहेत.

बुधवारी संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "उद्या रजा काढ. कॉम्प्युटर घेऊन तळ्याला जायचंय."

"रोह्याच्याही पलीकडे, तळा गावाला? अलिबागला दुकानं नाहीत का?"

"दुकानात नाही न्यायचा."

त्यांचा कॉम्प्युटर काही महिने कुरकुरत होता. चालू केला की एक पाटी यायची, की आता तुमच्या या जुन्या मशीनकडे आम्ही लक्ष देणार नाही, नवं घ्या. अख्खं घोडं अडलं होतं ते तिथेच. मावशी म्हणायच्या, "जुनं ठेवावं तर दाराला कडी नाही, कुणीही चोर शिरेल. नवं घ्यावं तर कड्या भक्कम, पण मालक आतच मुक्कामाला!"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. कॉम्प्युटरचा तो जड डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून मावशींच्या मांडीवर, कीबोर्ड माझ्या मांडीवर. कंडक्टरनं गाठोड्यावर टिचकी मारली. "आजी, काय हाय यात?"

"माझं डोकं."

"मग लगेज लावू का डोक्याचं?"

"लाव की. पण मग तुझंही लावावं लागेल, बघ परवडतंय का."

पुढची चार बाकडी हसली, कंडक्टरही हसला, आणि रोह्यापर्यंत त्यानं आमच्या डोक्याला दर वळणावर स्वतः हात लावून सांभाळलं. रोह्याला गाडी बदलली. तळ्याला उतरलो तर स्टँडवर एक बुटके, सावळे, मोठ्या कानांचे गृहस्थ उभे. पांढरा सदरा, पायात चपला, हातात छत्री. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बोला, अलिबाग!"

मावशींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सत्तरीतली बाई सतरा वर्षांची झाली. "बोलते, तळा. आधी हे ओझं धरा."

रामचंद्र शिगवण हे त्यांचं नाव. तळ्याच्या जवळच्या खेड्यातले, घरची भातशेती, आणि नोकरी तळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. अलिबागहून तळ्याला कॉल लावायचा म्हणजे इकडून मावशी आणि तिकडून शिगवण. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांच्या कानात होते. लाइन खराब असली की ती नीट होईपर्यंत बोलायचे. पाऊस किती, भात कसं, आंबा मोहरला का. समोरासमोर मात्र कधीच आले नाहीत. मग बोर्ड गेले, यंत्रं आली, आवाज बंद झाला. मावशींचे यजमान गेले, शिगवणांची बायको गेली, हे दोघांनाही एकमेकांबद्दल ठाऊक नव्हतं. आणि दोनएक वर्षांपूर्वी रोह्याला जुन्या कर्मचाऱ्यांचा मेळावा होता, तिथे जेवणाच्या रांगेत मावशींच्या मागून कुणीतरी म्हणालं, "जरा पुढं सरता का?"

"मी मागे वळलेसुद्धा नाही," शिगवणांच्या घरी जेवताना मावशी सांगत होत्या, "तशीच म्हणाले, तळा?"

"आन्‌ माझ्या हातातलं ताट पडलं," शिगवण म्हणाले. "आवाजावरनं मला वाटायचं, तुमी जाड असाल."

"आणि मला वाटायचं तुम्ही उंच आणि गोरे असाल!"

"निराशा झाली म्हना की."

"चिक्कार," मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक आंबोळी वाढली.

तर दर गुरुवारी मावशी इथे येत होत्या. जेवायचं, भांडायचं, दिवेलागणीपर्यंत परतायचं. मला हसू आवरेना. सगळी आळी विहिरीत डोकावत होती तेव्हा ही बाई तळ्याला आंबोळ्या खात बसली होती!

शिगवणांना यंत्रांचं वेड. टेबलावर उघडे फोन, तारा, एक भिंग. त्यांनी मावशींचा डबा उघडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्यात एक नवीन, फुकट मिळणारी प्रणाली भरायला घेतली. "ही कुनाच्या मालकीची न्हाय. हजार लोकांनी मिळून बनवलीय. आत काय चाललंय ते कुनालाही उघडून बघता येतं. कडी पन भक्कम आन्‌ मालक पन आत न्हाय."

"मग सगळे का वापरत नाहीत?" मी विचारलं.

"थोडं शिकावं लागतं. लोकांना चावी बी दुसऱ्यानं फिरवून द्यायला लागते."

कॉम्प्युटरचा प्रश्न असा दुपारपर्यंत सुटला. फोनवरून मात्र भांडण जुंपलं. मावशींनी पिशवीतून प्राजक्ताचा फोन काढला, त्याला चिकटलेला तांदूळ झटकला आणि म्हणाल्या, "हा मी परत करणार. आणि खारघरलाही जाणार नाही."

"घ्या हो हा. मी त्याला पार भादरून देतो. जे जे ऐकतं, बघतं, सांगतं ते सगळं बंद."

"नकोच ते. माझी मी बरी होते."

शिगवणांनी भिंग खाली ठेवलं. "अलिबाग, एक सांगू का? गुरुवारी तुमी इथनं गाडीत बसता. मग माझा जीव थाऱ्यावर नसतो. रोह्याला गाडी मिळाली का, घरी पोचलात का, मला दुसऱ्या गुरुवारपत्तूर कळत न्हाय. तुमच्या त्या बटनाच्या फोनला चार्जिंगच नसतं. मला ठिपका नको. पोचले, येवढा एक शबुद पायजे."

मावशी खिडकीतून बाहेर बघत राहिल्या आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "प्राजूलाही तेवढंच हवं असणार."

"आसंल की. लेक हाय ती."

"पण मी सांगणं वेगळं आणि तिला कळत राहणं वेगळं."

"मग सांगा ना!" शिगवण म्हणाले. "सांगत न्हाय तुमी, आन्‌ दोष फोनला देता!"

परतीच्या गाडीत मावशी त्या फोनवर एका बोटानं टाइप करत होत्या. रोहा आल्यावर त्यांनी 'रोहा' एवढाच शब्द पाठवला. पलीकडून उत्तर आलं, ते वाचून त्यांनी फोन पटकन पालथा घातला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. कान लाल झाले होते.

रविवारी प्राजक्ता आली. मावशींनी तिला चहा दिला, समोर बसवलं आणि म्हणाल्या, "खारघरला मी येणार नाही. फोन ठेवते. पण ठिपका बंद. रोज सकाळी मीच तुला फोन करीन. बाहेर निघाले की कळवीन, परत आले की कळवीन. हे माझ्यावर सोड, यंत्रावर नको."

"आणि कुठे पडलीस बिडलीस तर?"

"हे बटण आहे ना, ते तीनदा दाबलं की मी कुठे आहे ते दोघांना कळतं. तुला आणि तळ्याला."

"तळ्याला?" प्राजक्तानं कप खाली ठेवला. "तळ्याला कोण आहे?"

मी उठायला लागले. मावशींनी माझा हात धरून खाली बसवलं.

"फोननं सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती," त्या म्हणाल्या. "आता मी सांगते. मी दर गुरुवारी तळ्याला जाते. तिथे रामचंद्र शिगवण म्हणून आहेत. त्यांच्याकडे जेवते, गप्पा मारते. मला फार बरं वाटतं तिथे. त्या गुरुवारीही तिथेच होते. सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

प्राजक्ताच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली. राग, धक्का, सासरचे काय म्हणतील, सगळं मला दिसत होतं. आणि मग कपाळाला आठी घालून तिनं विचारलं, "तळ्याचे म्हणजे... एक्स्चेंजचे? तळाकाका?"

"हो."

"आई! बेडकाची गोष्ट सांगायचे ते?"

मला काही कळेना. प्राजक्ता माझ्याकडे वळली. "शाळा सुटली की मी हिच्या ऑफिसात जाऊन बसायचे. लाइन मोकळी असली की ही तो हेडफोन माझ्या डोक्यावर घालायची, आणि एक काका पलीकडून गोष्ट सांगायचे. मधेच कुणाचा तरी कॉल यायचा आणि गोष्ट तुटायची!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "लाव. लाव त्यांना फोन. स्पीकरवर."

मावशींनी फोन लावला. "बोला, अलिबाग," पलीकडून आवाज आला.

"अलिबाग नाही," प्राजक्तानं लहानपणीच्याच उच्चारात सांगितलं. "मी पाजू."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "पाजू? आगं, तो बेडूक अजून विहिरीच्या काठावरच बसलाय. पुढं सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली, आणि पंचेचाळिशीची, कंपनीत चाळीस माणसांवर हुकूम चालवणारी प्राजक्ता फोन कानाशी धरून जमिनीवर मांडी घालून बसली. मावशींनी मला खूण केली. आम्ही दोघी हळूच उठून मागच्या पडवीत गेलो. दार ओढून घेताना मावशी म्हणाल्या, "चल. त्यांचं त्यांना बोलू दे."

त्यानंतर वर्षभरात आम्हीच किहीम सोडलं. यजमानांची बदली नाशिकला झाली. सामानाची बांधाबांध चालली असताना मावशी आल्या, म्हणाल्या, "रेवस बंदरापर्यंत येतेस का? शिगवणांना लाँचमधून उरणला न्यायचंय. जन्म रायगडात गेला, पण हा माणूस कधी समुद्रावर गेलेला नाही."

धक्क्यावर वारं सुटलं होतं. शिगवण इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि लाँचकडे संशयानं बघत होते. "हिला ब्रेक असतो का हो?" त्यांनी नावाड्याला विचारलं. मावशींनी माझ्या हातात आपला फोन दिला. "एक फोटो काढ आमचा. अजून एकही नाहीये." दोघं कठड्यापाशी उभी राहिली. सुरुवातीला मध्ये एका माणसाची जागा सोडून. मग वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला, तो शिगवणांच्या तोंडावर गेला, आणि तो काढण्याच्या गडबडीत मी बटण दाबलं.

"छान आलाय," मी म्हणाले. "प्राजक्ताला पाठवू?"

"पाठव. तिला हवा होता." मग पदर खोचत म्हणाल्या, "बाकी कुणाला नको."

म्हणून तो फोटो माझ्याकडे नाही. त्यात ती दोघं कशी दिसत होती हेही मी इथे लिहिणार नाही. लाँच सुटली. शिगवणांनी एका हातानं बाक घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं मावशींचा दंड. पहिली मोठी लाट आली तशी लाँच वर उचलली गेली, शिगवण "आई गं!" म्हणून ओरडले, आणि मावशी इतक्या मोठ्यानं हसल्या की धक्क्यावर कोळंबी निवडत बसलेल्या बायांनी माना वर केल्या. त्यातली एक मला म्हणाली, "नवीन लगीन झालंय काय गो त्यांचा?"

मी म्हणाले, "मला काय माहीत?"

आणि ती लाँच पलीकडच्या करंजा बंदराच्या दिशेनं पार लहान होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.